टाकाऊतून सिमेंट

समुद्रकाठच्या कोणत्याही वस्तीत तीसेक वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या इमारतींकडे जरा मान वर करून पाहावे. सज्जाच्या पोटाचा गिलावा फुगलेला असतो, त्यातून गंजलेली सळी डोकावत असते आणि तिच्याच खाली कोणी तरी निर्धास्तपणे आपली दुचाकी उभी केलेली असते. खाऱ्या हवेतील क्लोराइड काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरते, सळीला गंज चढतो आणि गंजाने फुगलेली सळी भोवतालचे काँक्रीट फोडून बाहेर येते. मग ती इमारत पाडायची, नवीसाठी पुन्हा ट्रकच्या ट्रक सिमेंट आणायचे आणि जुनीचा मलबा रातोरात एखाद्या खाजनात नेऊन ओतायचा, असे हे चक्र गोव्यात बिनबोभाट चालू आहे.

सिमेंटची किंमत आपण पोत्यावर मोजतो. तिच्यात न धरलेला एक खर्च आहे. चुनखडी आणि माती सुमारे १४५० अंश सेल्सिअस तपमानात भाजली म्हणजे क्लिंकर तयार होते आणि ते दळून सिमेंट बनते. भट्टीच्या जळणाचा धूर तर होतोच, परंतु खुद्द चुनखडीच्या पोटातला कार्बन डायऑक्साइडही भाजताना बाहेर पडतो. उद्या ही भट्टी सूर्याच्या उष्णतेवर चालवली तरी हा दुसरा भाग टळणारा नाही. मानवी व्यवहारांतून हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे सात ते आठ टक्के एकट्या सिमेंटच्या खात्यावर पडतो. भारत वर्षाला ४० कोटी टनांहून अधिक सिमेंट तयार करतो. या बाबतीत आपल्यापुढे केवळ चीन आहे.

तेव्हा उपाय एकच उरतो. सिमेंटमधील क्लिंकर कमी करायचे आणि त्याची जागा दुसऱ्या कशाने तरी भरून काढायची. ही जागा भरणारे पदार्थ बहुतांशी टाकाऊच आहेत. औष्णिक वीजकेंद्रांतील दगडी कोळशाची बारीक राख १५ ते ३५ टक्के मिसळलेले पोझोलाना सिमेंट भारतीय मानकाला मान्य आहे. लोखंडाच्या झोतभट्टीतून निघणारी मळी, म्हणजे स्लॅग, तर २५ पासून ७० टक्क्यांपर्यंत मिसळता येते. आम्हा किनारवासीयांना या दुसऱ्या प्रकाराचे महत्त्व विशेष आहे. स्लॅग सिमेंटचे काँक्रीट नीट मुरले म्हणजे त्याची छिद्रे अधिक बारीक होतात आणि खारेपणा सळीपर्यंत पोहोचण्यास पुष्कळ विलंब लागतो. म्हणजे ज्या दुखण्याचे वर्णन आरंभी केले, त्यावरील औषधच कारखान्यांच्या उकिरड्यावर पडलेले आहे! आणि ते फार दूरही नाही. आमोण्यात बिडाच्या लोखंडाचा कारखाना आहे, रायगड जिल्ह्यात डोलवीला पोलादाचा आहे.

हा विचार आपल्याकडे परका मानण्याचे कारण नाही. सिमेंट येण्यापूर्वी गोव्यातील घरे, देवळे आणि चर्चेस चिऱ्यांनी बांधली गेली आणि ते चिरे सांधण्यासाठी शिंपले भाजून केलेला चुना वापरला गेला. लोकांनी खाऊन टाकलेल्या तिसऱ्या-कालवांची कवचेही त्या भट्टीत जात. चुना भाजतानाही कार्बन डायऑक्साइड निघतो हे खरे. पण भिंतीत घट्ट होताना तो बराचसा हवेतून परत शोषून घेतो. या चुन्यावर आज सहा मजली इमारत उभी करा, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. जुन्या वास्तूंची दुरुस्ती मात्र त्यानेच व्हावयास हवी. चिऱ्याच्या भिंतीवर सिमेंट थापून तिच्यातली ओल आत कोंडण्याचा जो प्रकार जीर्णोद्धाराच्या नावाखाली चालतो, तो थांबलेला बरा.

मिश्र सिमेंटविरुद्ध कंत्राटदारांची तक्रार ठरलेली असते: ते लवकर बळ धरत नाही. तक्रार खोटी नाही. राखेचे वा मळीचे काँक्रीट पहिल्या आठवड्यात मागे असते आणि पुढे साध्या सिमेंटची बरोबरी करते. म्हणूनच मानकाने साध्या सिमेंटला किमान सात दिवस, तर मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस पाणी मारण्यास सांगितले आहे. आमच्याकडे तिसऱ्या दिवशीच नळी गुंडाळून ठेवतात आणि पुढे स्लॅबला तडे गेले की दोष राखेला देतात. घरमालकही दुकानात जाऊन ‘५३ ग्रेड’ मागतो, जणू आकडा मोठा म्हणजे घर पक्के.

राख आणि मळी कायम पुरणार नाही, हाही प्रश्न आहे. कोळशाची केंद्रे आणि झोतभट्ट्या आज ना उद्या कमी होतील. त्यावर स्वित्झर्लंड, क्यूबा आणि भारत येथील संशोधकांनी मिळून काढलेला तोडगा मातीचा आहे. केओलिनयुक्त माती आठशे अंशांच्या आसपास भाजून तिच्यात न भाजलेल्या चुनखडीची पूड मिसळायची. क्लिंकर निम्म्यावर येते आणि कार्बनचा भार तीस-चाळीस टक्के घटतो. २०२३ साली या सिमेंटला भारतीय मानकही मिळाले. त्यासाठी उंची चिनी माती लागत नाही, हलक्या प्रतीची चालते. गोव्यातील खाणींनी मागे ठेवलेल्या डोंगराएवढ्या ढिगाऱ्यांत अशी माती किती आणि कशी आहे, याची पद्धतशीर तपासणी सरकारने करून घ्यावी. दर पावसाळ्यात हीच माती शेतांत उतरून लोकांच्या तोंडचा घास हिरावते.

मलब्याची गोष्ट किंचित निराळी. तो सिमेंटची नव्हे, खडीची जागा घेतो. २०१६ च्या मानकानुसार सळीच्या काँक्रीटमध्येही ठरावीक प्रतीपर्यंत वीस टक्के जाड खडी मलब्याची चालते.

सरकारी बांधकाम हे राज्यातील सिमेंटचे मोठे गिऱ्हाईक आहे. किनारी तालुक्यांतील शाळा, पूल आणि आरोग्यकेंद्रे यांच्या निविदांत स्लॅग सिमेंटची अट घालावी, दहा दिवस पाणी मारल्याची नोंद अभियंत्याच्या सहीने ठेवावी आणि ती नोंद दाखवल्याखेरीज कंत्राटदाराचे बिल पुढे सरकू देऊ नये. यासाठी नवा कायदा लागत नाही. निविदेच्या मसुद्यात दोन कलमे वाढवली तरी पुरे.