खांद्याचा हिशेब

निगडीच्या बाजारात सकाळी दुकान उघडताना पहिली परीक्षा खांद्याची होते. कुलूप काढायचे, वाकून शटरला हात घालायचा आणि एका दमात ते डोक्याच्या वर न्यायचे. मग दिवसभर वरच्या फळीवरचा माल काढणे, खोकी उतरवणे, कापडाचे ताके पुन्हा रचणे. भोसरी, आकुर्डी, चाकणच्या कारखान्यांत हीच परीक्षा वेगळ्या रूपात होते. तेथे कामगार डोक्याच्या वर हात धरून तासन् तास बोल्ट आवळत असतो. महामार्गावर दुचाकीवरून पडून खांदा निखळलेले तरुण आहेतच. एखाद्या दिवशी हात अर्ध्यावर अडतो. देरासरात पूजा करताना प्रभूच्या शिखेपर्यंत बोट पोचत नाही, तेव्हा घरच्यांनाही दुखणे कळते.

पुढचा प्रवास बहुतेक घरांना ठाऊक आहे. एक डॉक्टर एक्स-रे काढायला सांगतात, दुसरे एमआरआय. कोणी इंजेक्शन सुचवतो, कोणी दहा दिवसांचा शेक, कोणी शस्त्रक्रिया, आणि शेजारचा एखादा हाडवैद्याचा पत्ता देतो. मतांची ही गर्दी केवळ व्यक्तीव्यक्तींच्या स्वभावामुळे होत नाही. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत खांद्याविषयीच्या समजुतीच बदलल्या आहेत. कोणत्या डॉक्टरने आणि फिजिओथेरपिस्टने त्यानंतर पुन्हा पुस्तक उघडले, यावर रुग्णाचा हात पुष्कळ अंशी अवलंबून आहे.

खांद्याची रचनाच नाजूक. कमरेचा सांधा खोल उखळीत बसतो. खांद्यात दंडाच्या हाडाचा गोळा खवाट्याच्या उथळ वाटीला टेकलेला असतो, बशीवर लिंबू ठेवावे तसा. त्याला जागेवर धरतात भोवतालचे चार स्नायू आणि त्यांच्या कंडरा. या चौघांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. हात जितका मोकळा फिरतो, तितकाच तो निखळण्याची भीतीही अधिक. शिवाय दुखणे खांद्याचे असेल असेही नाही. मानेतील दबलेली नस खांद्यात दुखते आणि हृदयविकाराची कळही डाव्या खांद्यात उतरते. छातीत दडपण, घाम आणि खांद्यात कळ एकत्र आली, तर फिजिओथेरपीची वेळ घेत बसू नये. थेट रुग्णालय गाठावे.

म्हणून तपासणीला महत्त्व. जाणकार तपासनीस आधी रुग्णाला स्वतः हात उचलायला लावतो, मग तोच हात स्वतःच्या हाताने उचलून पाहतो. रुग्णाला उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर जातो, तेव्हा कंडरा फाटल्याची किंवा नस दुखावल्याची शंका येते. कोणीही उचलला तरी हात अडतो, विशेषतः कोपर अंगाशी ठेवून पंजा बाहेर फिरवताना अडतो आणि एक्स-रे निर्दोष असतो, तेव्हा फ्रोझन शोल्डरचा विचार होतो. मधुमेह असलेल्यांत हा विकार इतरांपेक्षा बराच अधिक आढळतो. दिवसभर गादीवर किंवा गल्ल्यावर बसणाऱ्या कुटुंबांनी हे लक्षात ठेवावे. पण येथेही एक खड्डा आहे. अपस्माराचा झटका किंवा विजेचा धक्का बसल्यावर खांदा कधी मागच्या बाजूला निखळतो. समोरून काढलेल्या एक्स-रेत तो जवळजवळ जागेवरच दिसतो, आणि पंजा बाहेर फिरत नाही म्हणून आखडलेला खांदा समजून महिनोन् महिने व्यायाम दिला जातो. बाजूने दुसरा एक्स-रे काढला असता तर चूक टळली असती. अशा गोष्टी पदवीच्या वर्षांत एकदा ऐकलेल्या असतात. त्या ध्यानात राहाव्यात म्हणून पुन्हा शिकावे लागते.

काही गोष्टी तर पदवीच्या वेळी कोणाला ठाऊकच नव्हत्या. १९९५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, खांद्याची काहीच तक्रार नसलेल्या ९६ जणांचे एमआरआय काढले. त्यांच्यापैकी ३४ टक्के लोकांच्या कंडरेत फाट दिसली. साठीपुढच्यांत हे प्रमाण ५४ टक्के होते. म्हणजे अहवालात ‘फाट’ असा शब्द आला, तरी दुखण्याचे मूळ तेच, असे सिद्ध होत नाही. ब्रिटनमधील ३२ रुग्णालयांत ३१३ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, खवाट्याच्या टोकाखालचे हाड दुर्बिणीतून घासण्याची जुनी लोकप्रिय शस्त्रक्रिया आणि नुसती दुर्बीण घालून काहीच न घासणे यांच्या परिणामांत फरक आढळला नाही. ही शस्त्रक्रिया तोपर्यंत हजारोंवर झाली होती.

त्याहून बोलका निकाल २०२१ सालचा. ब्रिटनमध्येच रोटेटर कफच्या विकाराचे ७०८ रुग्ण घेतले. काहींना फिजिओथेरपिस्टसोबत सहापर्यंत बैठका दिल्या, काहींना फक्त एक, सुमारे तासाभराची. त्या एका बैठकीत नीट तपासणी, दुखण्याचा उलगडा आणि घरी करायचा व्यायाम एवढेच होते. वर्षअखेर दोन्ही गटांची स्थिती सारखी. व्यापारी मन यातून लगेच निष्कर्ष काढील की पाच फेऱ्यांचे पैसे वाचले. तो चुकीचा नाही, मात्र अपुरा आहे. तो एक तास देणारे फिजिओथेरपिस्ट त्यासाठी मुद्दाम तयार केलेले होते. पाच मिनिटे खांदा चाचपून यंत्राच्या तारा जोडणे म्हणजे तो तास नव्हे. अल्ट्रासाऊंडच्या शेकाचा खांद्याला काही वेगळा लाभ होतो, याचा पुरावा तुटपुंजा आहे; तरी शेकाची पॅकेजे सर्वत्र विकली जातात, आणि रुग्णांनाही यंत्र दिसले की उपचार झाल्यासारखे वाटते, हेही खरेच.

महाराष्ट्रात या पुनर्शिक्षणाची चौकट आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे डॉक्टरांना दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना तीस क्रेडिट तास दाखवावे लागतात. फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीसाठी राज्याचा स्वतंत्र परिषद कायदा २००२ चा. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानेही फिजिओथेरपीला आपल्या कक्षेत घेतले. या विद्यांची मुळे येथे जुनी आहेत. १९५० साली कमलाबाई निंबकर यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचे विद्यालय सुरू केले. आज निगडीपासून हाकेच्या अंतरावर, पिंपरीत, डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठाचे फिजिओथेरपी महाविद्यालय आणि महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. शिकण्याची सोय नाही, अशी सबब या परिसरात चालणार नाही. पण तीस तास भरले म्हणजे तीस तास शिकले, असे नाही. सभागृहात मागच्या रांगेत बसून प्रमाणपत्र मिळते. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत एखादी पट्टी चिकटवण्याची नवी पद्धत शिकून सोमवारी दरपत्रकात एक ओळ वाढते.

या रोगाचे औषध बॉस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी शंभर वर्षांपूर्वीच सांगितले होते. फ्रोझन शोल्डर हे नाव त्यांचेच, १९३४ सालच्या खांद्यावरील ग्रंथातले. पुढे वाकून हात लंबकासारखा झुलवण्याचा जो व्यायाम आज प्रत्येक फिजिओथेरपिस्ट शिकवतो, तोही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. परंतु त्यांचा खरा हट्ट निराळा होता. प्रत्येक रुग्णाची चिठ्ठी ठेवावी, वर्षाने त्याला पुन्हा बोलावून उपचार फळला की नाही ते तपासावे, आणि फळला नसेल तर का, हे लिहावे. मोठ्या रुग्णालयाशी या आग्रहावरून त्यांचे बिनसले. स्वतःच्या छोट्या रुग्णालयात १९११ ते १९१६ या काळात घरी गेलेल्या ३३७ रुग्णांचा हिशेब त्यांनी छापला आणि त्यात १२३ चुका मांडल्या. सहकाऱ्यांना हे रुचले नाही. ज्या घरांत दर दिवाळीला जुनी वही मिटवताना बुडीत खातेही लपवून ठेवत नाहीत, त्यांना हा माणूस चटकन समजेल.

तेव्हा रुग्णाने प्रमाणपत्रांच्या चौकटी मोजण्यापेक्षा साधे प्रश्न विचारावेत. आज हात किती अंशांपर्यंत जातो, हे कागदावर लिहिले का? सहा आठवड्यांनी काय बदलायला हवे, आणि नाही बदलले तर पुढे काय? हा एमआरआय पाहून उपचार बदलणार आहे, की नुसती फाईल जाड होणार आहे? चांगल्या तज्ज्ञाला या प्रश्नांचा राग येत नाही.

धीर सर्वत्र चालत नाही, हेही ध्यानात असावे. पडल्यावर हात अचानक उचलेनासा झाला, तर ‘बघू चार दिवस’ म्हणू नये. अपघाताने फाटलेली कंडरा लवकर शिवली तर बरी. निखळलेला खांदा झटका देऊन बसवणाऱ्याच्या हाती देऊ नये. शेजारची नस आणि रक्तवाहिनी त्यात दुखावू शकते. कंडरा शिवल्यानंतर हात साधारण चार ते सहा आठवडे झोळीत, जोराचे व्यायाम बहुधा तीन महिन्यांपुढे, आणि अंगमेहनतीचे काम त्याहूनही उशिरा, शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या सल्ल्याने. दुकानदार दुसऱ्या महिन्यातच गल्ल्यावर बसतो, त्याला हरकत नसते. शटर मात्र तोवर घरातल्या धाकट्याने उचलावे.