पखवाज-शिक्षणातील प्रगती : एकल रियाज आणि समूहवादन
(टेंभुर्णी परिसराच्या संदर्भात एक विवेचन)

प्रस्तावना :

भारतीय संगीतात तालवाद्याच्या शिक्षणाला दीर्घ परंपरा आहे. गुरुमुखातून बोल ग्रहण करणे, ते मुखाने म्हणणे व नंतर हातातून काढणे हा या शिक्षणाचा सर्वमान्य क्रम होय. परंतु वाद्य शिकणारा विद्यार्थी नेमका केव्हा 'पुढे गेला' असे म्हणावे, या प्रश्नाचा विचार आपल्या महाविद्यालयांतून फारसा झालेला नाही. एकट्याने रियाज करताना सफाईदार वाजविणारा विद्यार्थी भजनात बसला की गोंधळतो, आणि भजनात वर्षानुवर्षे समर्थ साथ करणारा तरुण परीक्षकासमोर निरुत्तर होतो, हा अनुभव संगीत-शिक्षकांना नवा नाही. या विसंगतीची कारणे तपासणे आणि समूहवादनातील प्रगतीचे मूल्यमापन कसे करता येईल याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

स्थानिक संदर्भ :

टेंभुर्णी हे सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील गाव पुणे–सोलापूर महामार्गावर वसलेले असून पंढरपूर येथून पन्नास किलोमीटरच्या आत आहे. या साऱ्या परिसराचे सांगीतिक जीवन वारकरी परंपरेने घडविलेले आहे. हरिपाठ, काकडा, सप्ताहातील कीर्तन आणि आषाढी वारीतील दिंडी या प्रसंगी पखवाज, म्हणजेच वारकऱ्यांचा मृदंग, अपरिहार्य असतो. येथील मुलाच्या कानावर ताल पडतो तो बहुधा देवळात आणि समूहात. वर्गातील शिक्षण त्यानंतर येते. प्रथम हाती येतात ते टाळ, आणि टाळाची लय अंगी भिनल्यावर कोणीतरी त्याला पखवाजापाशी बसवितो.

शास्त्रीय पखवाजाशीही या प्रदेशाचे नाते आहे. एकोणिसाव्या शतकात इंदूरच्या होळकर दरबारात कीर्ती पावलेले नाना पानसे मूळचे वाईजवळील बावधनचे. त्यांची परंपरा महाराष्ट्रात दूरवर पसरली. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याचे नाव धारण करणारे मंगळवेढेकर घराणेही पखवाजाच्या इतिहासात नोंदलेले आहे. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली आळंदी येथे स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेने सांप्रदायिक शिक्षणाला संस्थात्मक रूप दिले. दुसरीकडे, विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोर येथे सुरू केलेल्या गांधर्व महाविद्यालयाच्या प्रेरणेतून अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षापद्धती उभी राहिली. आजचा विद्यार्थी या दोन प्रवाहांच्या संगमावर उभा आहे.

एकल रियाजातील प्रगती :

परीक्षापद्धतीने प्रगतीची एक स्पष्ट शिडी दिली आहे. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकार या पायऱ्यांनी विद्यार्थी वर चढतो. आरंभी खुले व बंद बोल, त्यांचे निकास आणि पढंत; नंतर चौतालासारख्या बारा मात्रांच्या तालाचा ठेका ठाय, दुगुण व चौगुण लयीत; पुढे रेला, परण आणि तिहाई असा हा क्रम सामान्यतः असतो. त्याचे लाभ निर्विवाद आहेत. हाताला वळण लागते, बोलांचा संग्रह वाढतो, लेखनपद्धतीचे ज्ञान होते. भातखंडे पद्धतीत समेला गुणिले चिन्ह व खालीला शून्य, तर पलुसकर पद्धतीत समेला एकचा अंक व खालीला अधिक चिन्ह, हा भेद माहीत असलेला विद्यार्थी कोणत्याही पुस्तकातील ताल वाचू शकतो.

तथापि या शिडीवर विद्यार्थी एकटाच चढत असतो. परीक्षेच्या खोलीत हार्मोनियमवर लेहरा वाजविणारा साथीदार परीक्षार्थीला सांभाळून घेतो. लय परीक्षार्थीने ठरविलेली, रचना त्याने निवडलेली आणि थांबण्याचे ठिकाणही त्याचेच. भजनात यांपैकी काहीही त्याच्या हाती नसते.

समूहवादनातील कसोटी :

समूहवादनाची पहिली कसोटी सुराची आहे. पखवाजाच्या उजव्या पुडीवरील शाईमुळे तिच्या नादात सुरेल उपस्वर निर्माण होतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली 'नेचर' नियतकालिकातील सहलिखित टिपणात आणि १९३४ सालच्या विस्तृत निबंधात भारतीय तालवाद्यांचा हा गुणधर्म शास्त्रीय रीतीने विशद केला. या गुणामुळेच पखवाज गायकाच्या षड्जाशी मिळविता येतो आणि मिळवावाही लागतो. डाव्या पुडीवर ओली कणीक लावतात; तिच्या वजनाने नाद खाली उतरतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात ही कणीक लवकर सुकते आणि नाद हळूहळू चढू लागतो. घरी एकट्याने वाजविणाऱ्याच्या हे लक्षात येतेच असे नाही. परंतु गायकाजवळ बसलेल्या विद्यार्थ्याला दोन अभंगांमधील अवकाशात गट्टे ठोकणे आणि कणकेला पाण्याचा हात लावणे शिकावेच लागते.

दुसरी कसोटी लयीची. वारकरी भजनातील ठेका प्रायः आठ मात्रांचा आणि दिसावयास सोपा असतो. मात्र चाल गायक ठरवितो, ध्रुवपद टाळकरी उचलून धरतात आणि लय टप्प्याटप्प्याने चढत जाते. ही चढण जाणीवपूर्वक घडली तर रंग भरतो; नकळत घडली तर म्हणणाऱ्यांची दमछाक होते. मानसशास्त्रीय प्रयोगांत असे वारंवार आढळले आहे की, ठोक्यांबरोबर टिचकी मारण्यास सांगितल्यास माणूस ती प्रत्यक्ष ठोक्याच्या किंचित आधी मारतो. संगीताचे शिक्षण घेतलेल्यांत हे अंतर कमी असते. म्हणजे ठोक्याची वाट न पाहता पुढे जाण्याकडे आपला स्वाभाविक कल असतो. अनेक जण एकत्र वाजवीत असता प्रत्येकाचा हा कल आवरून धरण्याची जबाबदारी पखवाजियावर येते.

तिसरी कसोटी अंतराची आहे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने जातो. तीस मीटर लांबीच्या दिंडीत पखवाजाचा ठोका शेवटच्या टाळकऱ्यापर्यंत पोहोचण्यास सुमारे ८७ सहस्रांश सेकंद लागतात. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० सहस्रांश सेकंदांची असल्याने हा विलंब खपून जातो. लय दुप्पट झाली की मात्रा २५० सहस्रांशांवर येते आणि तोच विलंब मात्रेचा तिसरा हिस्सा व्यापतो. द्रुत लयीत मागच्या रांगा 'मागे पडल्या' असे जे वाटते, त्यामागे टाळकऱ्यांचा आळस नसून ध्वनीचा हा प्रवास असतो. अशा वेळी अनुभवी पखवाजिया मागच्या रांगांचे टाळ ऐकून आपला हात ढिला करीत नाही. टाळकरीही केवळ कानावर विसंबत नाहीत. पुढच्या रांगेतील उंचावलेले टाळ आणि पावलीतील पाय पाहून ते लय जुळवितात. दिंडीतील शिस्तबद्ध पावली शोभेसाठी तर आहेच, शिवाय ती डोळ्यांना दिसणारी लयही आहे.

चौथी कसोटी संयमाची. अभंगाचे शब्द ऐकू यावेत यासाठी कोठे वाजवू नये, हे कळणे ही प्रगतीची फार पुढची पायरी होय. परणांचा संग्रह असलेल्या विद्यार्थ्याला हीच पायरी सर्वांत अवघड जाते, कारण जे कष्टाने मिळविले ते दाखविण्याचा मोह त्याला होतो.

मूल्यमापनाचा प्रश्न :

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार सहअभ्यासक्रम व कलाविषयक उपक्रमांना श्रेयांक देण्याची व्यवस्था महाविद्यालयांत आली आहे. विद्यापीठांच्या युवा महोत्सवांत एकल तालवाद्यवादनाबरोबर लोकवाद्यवृंदाचाही प्रकार असतो. अशा स्थितीत समूहवादनाला गुण देताना केवळ उपस्थिती मोजली तर विद्यार्थ्यावर अन्याय होईल. पुढील उपाय अल्प साधनांतही शक्य आहेत.

१) सत्राच्या आरंभी व अखेरीस एकाच हरिपाठाचे ध्वनिमुद्रण करावे. पहिल्या व शेवटच्या मिनिटातील आवर्तने मोजावीत आणि लय कोठे चढवावयाची हे विद्यार्थ्याकडून आधीच वदवून घ्यावे. ठरविल्याप्रमाणे चढलेली लय आणि निसटलेली लय यांतील फरक त्यामुळे स्पष्ट होतो.

२) वादन सुरू होण्यापूर्वी पखवाज गायकाच्या स्वराशी मिळविण्यास स्वतंत्र गुण असावेत.

३) पखवाजाच्या विद्यार्थ्याने काही आठवडे केवळ टाळ धरावेत. मागच्या रांगेतून काय ऐकू येते हे कळल्याखेरीज पुढे बसून काय द्यावे हे कळत नाही.

४) भजनात तयार झालेल्या विद्यार्थ्याला लेखनपद्धती व पढंत यांची जोड द्यावी, त्याला नवशिका समजून पहिल्या पायरीवर बसवू नये.

येथे आणखी एका बाबीचा उल्लेख आवश्यक आहे. दिंडीत व सप्ताहात पखवाजापाशी बसण्याची संधी मुलींना अद्याप तुलनेने कमी मिळते. परीक्षेची शिडी त्यांना खुली आहे. परंतु समूहात चुकण्याची आणि चुकून शिकण्याची जागा गावात सहज मिळत नाही. महाविद्यालयातील भजनी मंडळ ही त्यांच्यासाठी कदाचित अशी एकमेव जागा ठरेल.

निष्कर्ष :

एकल रियाज विद्यार्थ्याचा हात तयार करतो, समूहवादन त्याचा कान तयार करते. या दोहोंपैकी एकाच प्रगतीला प्रमाणपत्र देणारी व्यवस्था अपुरी आहे. टेंभुर्णीसारख्या ठिकाणी महाविद्यालयाच्या भिंतीपलीकडेच समूहवादनाची जिवंत पाठशाळा दररोज सायंकाळी भरते. तेथे शिकलेल्या मुलाला वर्गात आणि वर्गात शिकलेल्या मुलीला त्या पंक्तीत स्थान मिळवून देणे, हे संगीताच्याच नव्हे तर सर्वच विषयांच्या प्राध्यापकांनी विचारात घ्यावे असे कार्य आहे. भजन संपल्यावर पखवाजियाचे नाव कोणी घेतले नाही, पण सर्वांचे पाऊल समेवर एकत्र पडले, तर तो विद्यार्थी पुढे गेला असे म्हणण्यास हरकत नाही.