ऐन वेळचे रामायण

लोणावळ्याच्या पावसाने वीज घालवली, तशी आमच्याकडे पेटी निघाली. शेजारचे भजनी मंडळातले आजोबा, तबल्याला कामशेतचा एक पोऱ्या. वहीबिही काही नाही. ‘गीतरामायण होऊन जाऊ द्या!’ कुणीसे म्हणाले.

१ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवर ते सुरू झाले. शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. त्या वर्षी अधिक मास आला, म्हणून ५२ची गीते ५६ झाली! तेव्हा माणिक वर्मा, मालती पांडे, वसंतराव देशपांडे असे कितीतरी गळे त्यात होते. पुढे बाबूजी एकटेच सारे गाऊ लागले अन् लोकांच्या कानांत तेच बसले. आता जो तो त्यांचीच नक्कल करतो. मला तर कंटाळा येतो.

आजोबांनी नक्कल केली नाही. सीतेचे गाणे त्यांनी सरळ भजनी ठेक्यावर घेतले. पोऱ्या गडबडला, दोनदा सम चुकला. दुसऱ्या अंतऱ्याला आजोबांचाच आवाज चिरकला. आजींना जाऊन वर्षही झाले नव्हते. ते थांबले. पोऱ्याने मात्र ठेका सोडला नाही. आतून बायकांनी ओळ उचलली.

मध्येच वीज आली. कुणीतरी उठून दिवा मालवला.