जुना राउटर, नवी प्रणाली

कर्जत-मुरबाड रस्त्यावरील कशेळे ही आसपासच्या वाड्या-पाड्यांची बाजारपेठ. तेथील किराणा दुकानातही आता क्यूआर कोड असतो, जीएसटीचे विवरणपत्र ऑनलाइन भरले जाते आणि घरातील मुलांचा अभ्यासही त्याच वायफायवर चालतो. या साऱ्या व्यवहाराचा दरवाजा म्हणजे कोपऱ्यातील लहानसा राउटर. तिजोरीच्या किल्ल्या आपण जपतो. या दरवाज्याकडे मात्र तो बसवल्यानंतर सहसा कोणी पाहत नाही.

राउटर हा वस्तुतः छोटा संगणकच. त्याच्या कार्यप्रणालीत वेळोवेळी दोष आढळतात. निर्माता काही वर्षे दुरुस्त्या पुरवतो आणि मग नव्या मॉडेलकडे वळतो. यंत्र चालू राहते, दोषही राहतात. असा राउटर परक्याच्या ताब्यात गेला, तर बँकेच्या संकेतस्थळाऐवजी भलतेच बनावट पान समोर येऊ शकते.

यावर एक उपाय म्हणजे ‘ओपनडब्ल्यूआरटी’ ही मुक्त प्रणाली. तिचा जन्म उद्बोधक आहे. २००२ च्या अखेरीस लिंकसिस कंपनीचा ‘डब्ल्यूआरटी५४जी’ राउटर बाजारात आला. त्यात लिनक्स वापरल्याचे जाणकारांच्या लक्षात आले. लिनक्स विनामूल्य असले तरी सशर्त आहे : ते घालून वस्तू विकणाऱ्याने त्याची मूळ संहिताही ग्राहकास उपलब्ध करून दिली पाहिजे. पाठपुराव्यानंतर २००३ मध्ये कंपनीने संहिता खुली केली आणि तिच्या आधारे २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटीचा प्रारंभ झाला.

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोटी मापे आणि भेसळही गणली आहेत. सशर्त मिळालेले घेऊन शर्त विसरणे हे त्याच जातीचे. उलट, स्वतःच्या श्रमाने दोष शोधून दुरुस्ती सर्वांस खुली करणे हे शास्त्रदानाच्या जवळचे. ग्रंथांच्या प्रती करवून भांडारांत ठेवणाऱ्या श्रावकांनी आपल्याला हाच संस्कार दिला आहे.

मात्र उत्साहाला हिशेबाची जोड हवी. आपले मॉडेल आणि त्याची आवृत्ती प्रकल्पाच्या यादीत आहे का, हे आधी पाहावे. ८ एमबीपेक्षा कमी साठवण किंवा ६४ एमबीपेक्षा कमी स्मृती असलेली यंत्रे नव्या आवृत्त्यांना पुरत नाहीत. इंटरनेट सेवादात्याचे फायबरचे यंत्र तसेच ठेवून आपला राउटर त्यामागे जोडावा. दोहोंचा अंतर्गत पत्ता एकच असल्यास एकाचा बदलावा. प्रणाली भरण्याचे काम तारेने जोडूनच करावे. मध्येच वीज गेली तर यंत्र निकामी होऊ शकते, म्हणून पावसाळ्यात इन्व्हर्टरविना हात लावू नये. वॉरंटीवर होणारा परिणामही आधी तपासावा. नव्या प्रणालीत आरंभी सहसा परवलीचा शब्द नसतो. तो प्रथम ठेवावा, मगच वायफाय सुरू करावे. दुकानातील गिऱ्हाइकांसाठी वेगळे जाळे केल्यास हिशेबाचा संगणक त्यांच्यापासून अलग राहतो.

ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी जाणत्या तरुणाची मदत घ्यावी किंवा दुरुस्त्या मिळणारा राउटर घ्यावा. कारण प्रणाली कोणतीही असो, ती अद्ययावत ठेवणे ही धन्याचीच जबाबदारी. दुरुस्ती आली की ती करावी; आणि दिवाळीत वहीपूजनाच्या आधी जशी खाती तपासतो, तशी या दरवाज्याचीही एकदा तपासणी करावी.