शीरखुर्म्याच्या पुढचं बोलणं

गेली बावीस वर्षं रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात माझा शाळेतला मित्र आमच्या घरी इफ्तारला येतो. सोलापुरातल्या विजापूर वेशीतलं आमचं घर त्याला स्वतःच्या घराइतकंच पाठ आहे. तो शाकाहारी, म्हणून अम्मी त्या दिवशी कांदाभज्यांसाठी वेगळी कढई काढते. तो स्वतः दुपारनंतर पाणी पीत नाही. तसं त्याला कुणी सांगितलेलं नाही. मगरीबची अजान झाली की आम्ही दोघं एकाच ताटलीतला खजूर उचलतो.

मग गप्पा. ऊन किती, नळाला पाणी किती दिवसांनी आलं, मुलांचे क्लास, क्रिकेट. ईदला आमच्याकडून त्याच्याकडे शीरखुर्म्याचा डबा जातो, दिवाळीला त्याच्याकडून फराळाचा येतो. डबा रिकामा परत पाठवायचा नाही, हा दोन्ही घरांचा नियम. आमच्या दोस्तीचं मोहल्ल्यात कौतुक होतं. मलाही त्याचा अभिमान होता. पण रोज सकाळी आम्ही दोघं जो पेपर वाचतो, त्याच्या पहिल्या पानावरच्या एकाही बातमीबद्दल बावीस वर्षांत आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो.

यंदा भजी संपवून त्याने हात पुसले आणि म्हणाला, ‘‘एक विचारू? राग नाही ना येणार?’’

‘‘विचार की.’’

‘‘वक्फ म्हणजे नक्की काय रे? आमच्या ग्रुपवर सारखं येतं, बोर्डाने बोट ठेवलं की जमीन त्यांची.’’

माझ्या धाकट्या भावाने सरबताचा ग्लास खाली ठेवला आणि न बोलता मशिदीकडे निघून गेला. मी आतल्या खोलीत नमाज पढून आलो. मित्र जागचा हलला नव्हता. मी चिडून आलो असणार, असंच त्याला वाटत असावं. खरं सांगायचं तर चिडलो होतो. प्रश्नामुळे नाही, तर हा प्रश्न मला विचारायच्या आधी त्याने तो ग्रुप वर्षभर वाचला, यामुळे.

मग बोललो. वक्फ म्हणजे अल्लाहच्या नावाने, लोकांच्या उपयोगासाठी कायमची दिलेली मालमत्ता. मशीद, कब्रस्तान, दर्गा, मदरसा, कुठे विहीर, कुठे मुसाफिरखाना. मालमत्ता देणारा ती परत घेऊ शकत नाही आणि सांभाळणारा मुतवल्ली तिचा मालक होत नाही. बोर्डाने बोट ठेवण्याची गोष्टही हवेतून आलेली नाही, हे मी कबूल केलं. १९९५च्या कायद्यातल्या ४०व्या कलमाने एखादी जमीन वक्फची आहे का, याची चौकशी करून निर्णय द्यायचा अधिकार बोर्डाला दिला होता. त्या निर्णयाविरुद्ध न्यायाधिकरणात जाता येत होतं, हा भाग मात्र ग्रुपवर येत नाही. २०२५च्या दुरुस्तीने ते कलमच काढून टाकलं. किमान पाच वर्षं इस्लामचं पालन करणाऱ्यालाच वक्फ करता येईल, ही त्याच दुरुस्तीतली अट सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२५ रोजी तूर्त थांबवली. संपूर्ण कायद्याला मात्र स्थगिती मिळाली नाही.

‘‘म्हणजे तुमचं काहीच चुकत नाही?’’ त्याने विचारलं.

इथे मला सोपं उत्तर देता आलं असतं. दिलं नाही. सच्चर समितीचा अहवाल २००६चा. त्यात देशातल्या नोंदणीकृत वक्फ मालमत्ता ४ लाख ९० हजारांवर असल्याचं म्हटलं आहे आणि त्यांचं वर्षाचं उत्पन्न जेमतेम १६३ कोटी रुपये. नीट वापर झाला तर ते १२ हजार कोटींपर्यंत जाऊ शकेल, असा समितीचा अंदाज होता. मधला पैसा कुठे जातो? काही जागांवर सरकारी कार्यालयं बसली आहेत, काहींवर अतिक्रमणं आहेत, आणि काही आमच्याच मुतवल्लींनी मातीमोल भाड्याने दिल्या आहेत. त्यातून ज्या पोरींची वसतिगृहं व्हायची, त्या पोरी बारावीनंतर घरी बसतात. हे आम्ही मोहल्ल्यात बोलतो, पण दार लावून. बाहेर बोललं की विरोधकांच्या हातात कोलीत जाईल ही भीती. ती भीती खोटी नाही. पण दार लावून बोलण्याने एकही मुतवल्ली आजवर सुधारलेला मी पाहिला नाही.

इशाची अजान व्हायला अजून वेळ होता. त्याने कपाटाकडे बघत विचारलं, ‘‘तू हमीद दलवाईंचा माणूस ना? तुझ्यासारखे आणखी हवेत.’’

हे कौतुक मला गेली तीस वर्षं मिळतं आहे आणि दर वेळी खुपतं. मराठीत लिहिणारा मुसलमान एकतर दलवाई असतो, नाहीतर मौलाना. मधे कुणी राहतच नाही, असा समज. दलवाई मोठेच. तोंडी तलाकच्या विरोधात १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात बायकांचा मोर्चा नेणं, मग १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढणं, याला छाती लागते. तोंडी तिहेरी तलाक न्यायालयाने अवैध ठरवायला २०१७ उजाडलं. पण आमच्याच शहरात राज्यशास्त्र शिकवणारे फकरुद्दीन बेन्नूरही होते. दलवाईंच्या मांडणीशी त्यांचे मतभेद होते, आणि ते त्यांनी मराठीत, लेखी आणि सविस्तर मांडले. मुस्लिम मराठी साहित्याची चळवळ त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी उभी केली. पहिलं संमेलन १९९० साली इथेच, सोलापुरात झालं. मित्राचा सगळा जन्म सोलापुरात गेला. बेन्नूरांचं नाव तो त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकत होता.

माझ्या अब्बांकडे दलवाईंची ‘इंधन’ होती. १९६५ची कादंबरी, कोकणातल्या एका गावातली, जिथे हिंदू-मुसलमानांतलं जुनं नातं बघता बघता पेट घेतं. अब्बा प्राथमिक शाळेत मास्तर होते, पाच वेळचे नमाजी. दलवाई त्यांना पटायचे नाहीत. तरीही त्यांनी ते पुस्तक दोनदा वाचलं. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं अजून दिसतं. एका पानावर ‘चूक’, पुढे चार पानांनी ‘हे खरे आहे’, आणि एका ठिकाणी नुसतं प्रश्नचिन्ह. कुरआनचा पहिला संदेश याच महिन्यातल्या एका रात्री उतरला आणि त्याचा पहिला शब्द ‘वाच’ असा आहे, हे अब्बा वर्गात सगळ्याच मुलांना सांगायचे. न पटणारं पुस्तकही त्यात येतं, असं त्यांचं म्हणणं.

मग मी माझा प्रश्न विचारला. ‘‘त्या ग्रुपवर आमच्याबद्दल जे येतं, त्यावर तू काय लिहितोस?’’

तो बराच वेळ गप्प बसला. ‘‘काही नाही. पुढे पाठवत नाही एवढंच.’’ मग म्हणाला, ‘‘भांडण कोण ओढवून घेणार? साहेब पण त्याच ग्रुपमध्ये आहेत.’’

बावीस वर्षांत त्याने मला सांगितलेली ही सगळ्यात खरी गोष्ट असेल. मला ती ऐकवली नाही, पण उलटून काही बोलायचा हक्कही वाटला नाही. कारण त्याच आठवड्यात तरावीहनंतर चहाच्या टपरीवर पोरं एका यूट्यूबवरच्या वक्त्याचं ऐकून काहीबाही बोलत होती. सगळे हिंदू असेच, वगैरे. मी चहा संपवून उठलो होतो. मीही पुढे पाठवलं नव्हतं, एवढंच.

आमच्या शहरात चार पुतळे आहेत. धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडा. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली. एकोप्यावर भाषण करायचं म्हटलं की दोन्हीकडचे पुढारी त्यांच्याकडे बोट दाखवतात. कुर्बान हुसेन वर्तमानपत्र काढत होते, लिहीत होते, हे त्या भाषणांत क्वचितच येतं.

दुसऱ्या दिवशी तरावीहनंतर मी परत टपरीवर गेलो. पोरांना म्हटलं, त्या वक्त्याचं कालचं वाक्य माझ्या शाळेतल्या मित्राला लागू करून दाखवा, अम्मी ज्याच्यासाठी वेगळी कढई काढते त्याला. दोघं हसले, एक उठून गेला. एकाने विचारलं, ‘‘चाचा, पण तो तरी आपल्यासाठी कुठे बोलतो?’’ मित्राचं साहेबांबद्दलचं वाक्य मी जसंच्या तसं सांगितलं. अर्धा तास वाद झाला. मशिदीतले तरुण मौलाना जाता जाता थांबले होते. दलवाईंचा विषय निघाल्यावर त्यांनी कपाळाला आठी घातली. मी विचारलं, वाचलंय का? नाही म्हणाले. मग म्हणाले, ‘‘ईदनंतर द्या.’’

पुस्तक सध्या मित्राकडे आहे. परवा त्याचा फोन आला, ‘‘मास्तरांनी सव्वीसाव्या पानावर काय लिहिलंय रे? अक्षर लागत नाही.’’ येत्या रविवारी तो ते घेऊन येणार आहे. अम्मीने बेसन आणून ठेवलं आहे.