मुठीत मावणारी पेटी

युनियनचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की श्रोते महागाईभत्त्याची वाट पाहू लागतात. आज आम्ही एका वाद्याविषयी बोलणार आहोत, आणि तेही मुठीत मावणाऱ्या. निमित्त असे घडले : काही वर्षांपूर्वी आमच्या एका दिवंगत सभासदाची पत्नी कचेरीत आली. नवरा बोटीवर खलाशी होता. त्याने विलायतेहून आणलेली एक सहा बाजूंची डबी तिने रुमालातून काढून टेबलावर ठेवली. जुन्या बाजारातील एका दुकानदाराने ‘पोराचे खेळणे’ म्हणून तिचे शंभर रुपये देऊ केले होते. ‘‘भाऊ, हिची किंमत एवढीच का हो?’’ बाईंनी विचारले. आम्हांला उत्तर देता येईना. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर झाले. पुन्हा त्याच बाकावर जाऊन बसलो.

ती डबी म्हणजे लहानात लहान कॉन्सर्टिना. शाळेत ‘व्हीटस्टन सेतू’ ज्यांनी गिरवला असेल, त्यांना तिच्या जनकाचे नाव ठाऊक आहे. विजेचा अभ्यास करणाऱ्या याच चार्ल्स व्हीटस्टनने १८२९ साली फुंकून वाजवायच्या एका छोट्या वाद्याचे पेटंट घेतले आणि १८४४ साली कॉन्सर्टिनाचे. तिचे कूळ आपल्या बाजाच्या पेटीचेच. धातूची पातळ जीभ एका टोकाला चौकटीत घट्ट बसवलेली असते. हवा गेली की ती थरथरते आणि सूर निघतो. मात्र ही जीभ एकाच दिशेच्या हवेने बोलते. कॉन्सर्टिनाचा भाता दोन हातांच्या मध्ये असतो आणि तो ओढतानाही वाजतो, दाबतानाही. म्हणून प्रत्येक बटणामागे दोन जिभा लागतात. मोठ्या इंग्लिश कॉन्सर्टिनात ४८ बटणे, म्हणजे ९६ जिभा. बाईंच्या डबीत १२ बटणे आणि २४ जिभा होत्या, आणि डबीची रुंदी जेमतेम तीन इंच!

एवढ्या जागेत लांब जीभ मावत नाही आणि आखूड जीभ उंच बोलते. त्यामुळे या डबीचा आवाज पाखरासारखा बारीक. खर्ज तिच्यापाशी नाही. भाताही लहान, म्हणून सूर लांबवू म्हटले तर हवा संपते. इंग्लिश जातीत भाता ओढा की दाबा, बटणाचा सूर तोच राहतो. दिशा मध्येच बदलता येते. १८३४ च्या सुमारास जर्मनीतील केम्निट्झ येथे कार्ल उलिगने काढलेल्या जातीत ओढताना एक सूर आणि दाबताना दुसरा, माउथ ऑर्गनप्रमाणे. तेथे चाल जपून बसवावी लागते. छोट्या डबीवर कूच आणि नाचाच्या चाली शोभतात. म्युझिक हॉलमधले कलावंत मोठे वाद्य वाजवून झाले की हीच डबी काढून हशा पिकवीत. आपली मींड मात्र तिच्यावर येणार नाही. ते दुखणे पेटीचेही आहे.

येथे थोडे विषयांतर. मोठ्या इंग्लिश कॉन्सर्टिनात सप्तकाला बारा नव्हे, चौदा सूर असतात. दोन जागी जवळजवळचे दोन सूर निराळे ठेवले आहेत. आमच्या सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले आणि क्लेमंट्ससाहेबांबरोबर श्रुतींच्या पेटीचा खटाटोप केला, तो याच अडचणीतून. असो.

आरंभी हे वाद्य बड्यांच्या दिवाणखान्यातले होते. लाशनाल नावाच्या स्विस कारागिराने सुटे भाग यंत्रावर पाडायला सुरुवात केली आणि ते स्वस्त झाले. मग यॉर्कशायर-लँकेशायरच्या गिरणीगावांत कामगारांनी नुसत्या कॉन्सर्टिनांचे बँड उभे केले. गिरणीच्या खडखडाटात दिवस काढून संध्याकाळी तालमीला बसणारी ही माणसे आम्हांला फार जवळची वाटतात.

आता खरेदीविषयी. एक बाजू हातात धरून दुसरी खाली सोडावी : भाता सावकाश उघडला तर ठीक, धपकन पडला तर हवा गळते आहे. प्रत्येक बटण ओढून आणि दाबून, दोन्ही वेळा ऐकावे. पोलादी जिभा टणक बोलतात, पण आपल्या खाऱ्या, दमट हवेत गंजतात. पितळी गंजत नाहीत, पण आवाजाने मवाळ. जुन्या विलायती वाद्यांची पट्टी आजच्यापेक्षा बहुधा चढी असते. ती घरच्या पेटीशी जुळेलच असे नाही. कागदी भात्याचे नवे खेळणे आणि जुने अस्सल वाद्य दुरून सारखेच दिसते. फरक कळतो तो आत डोकावल्यावर. आणि ज्याला शिकायचे आहे त्याने छोटीपासून आरंभ करू नये. वीस किंवा तीस बटणांची घ्यावी. छोटी हौशी संग्राहकांची, म्हणूनच तिला भाव येतो.

बाईंची डबी आम्ही एका पेटी दुरुस्त करणाऱ्या वृद्ध कारागिराकडे नेली. त्याने स्क्रू काढले आणि बराच वेळ नुसते पाहत राहिला. जीभ टोकाशी खरवडली की सूर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो, हे त्याचे रोजचे काम. पण या जिभा नखाएवढ्या. ‘‘भाऊ, हिला कानस लावायची म्हणजे एका घासात सूर गेला,’’ तो म्हणाला. दोन जिभा मुक्या होत्या. एकीखाली अडकलेला धागा त्याने कागदाच्या कपट्याने काढला, ती बोलू लागली. दुसरी गंजली होती. तिला त्याने हात लावला नाही आणि मजुरीही घेतली नाही. ती मात्र आम्ही बळेच दिली.

बाईंनी डबी विकली नाही. नातू तिच्यावर दोन चाली वाजवतो. एक बटण ओढताना वाजते, दाबताना अजून मुके आहे.