घाटात गाडी ओढत नाही, तेव्हा काय पाहाल?

आंब्याच्या दिवसांत साखरप्याहून माल भरून कोल्हापूरकडं निघालेली पिकअप सपाटीला छान पळते आणि आंबा घाट लागला की कण्हायला लागते. मग कुणीतरी सांगतं, "इंजिन बसलं, काम काढा." तसं लगेच काम काढू नका. इंजिन उतरवायचं म्हणजे मोठा खर्च, आणि पुष्कळदा दोष निघतो तो फिल्टरात नाहीतर एखाद्या रबरी नळीत.

चढालाच हे का कळतं? सपाटीला इंजिनाची थोडीच ताकद लागते, त्यामुळं कमी झालेली ताकद लक्षात येत नाही. आता 20 फूट गेल्यावर 1 फूट चढणारा रस्ता धरा. मालासकट 3 टन भरणाऱ्या गाडीला तिथं सुमारे 150 किलोचा जोर मागं खेचत असतो. वीस किलोचे दहा क्रेट जादा टाकले की त्यात आणखी भर. तेव्हा आरसी बुकातला वजनाचा आकडा आधी वाचा. घाटावर हवा विरळ असते हे खरं, पण आपल्या सह्याद्रीच्या उंचीला त्यानं फार फरक पडत नाही.

आता आवाज ऐका. इंजिनाचा आवाज चढतोय, गाडी मात्र सरकत नाही आणि जळका वास येतोय, तर क्लच घसरतोय. खात्री करायची तर सपाट जागी हँडब्रेक ओढा, समोर माणूस उभा करू नका, तिसरा गिअर टाका आणि थोडी रेस देऊन क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं तर क्लच ठीक. चालूच राहिलं तर प्लेट पाहावी लागेल.

आवाजच दबत जात असेल तर मागचा धूर बघा. काळा धूर म्हणजे डिझेल पोचतंय, हवा कमी पडतेय. मळ्यातल्या धुळीनं एअर फिल्टर भरतो. कागदी फिल्टर पाण्यानं धुऊ नका. आतून बाहेर हलकी हवा मारा, फारच काळवंडला असेल तर नवा घाला. टर्बोची गाडी असेल तर टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या नळ्या हातानं चाचपा. तडा गेला किंवा पट्टी ढिली झाली की चढाला शिट्टीसारखा आवाज येतो आणि सांधा तेलकट दिसतो.

धूर नाही, गाडी आचके देते, जरा थांबवून निघालं की थोडं ओढते, हे डिझेल कमी पोचत असल्याचं लक्षण. घरी पिंपात साठवलेलं डिझेल वापरणाऱ्यांना हा त्रास जास्त, कारण पिंपाच्या तळाला पाणी आणि गाळ बसतो. फिल्टरच्या खालचा स्क्रू सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी ढिला करून पाणी काढा. टाकीचं झाकणही उघडून बघा. उघडताना फस्स आवाज होऊन हवा आत ओढली गेली आणि त्यानंतर गाडी सुधारली, तर झाकणाचं बारीक भोक बुजलंय. काम फुकटात झालं!

ब्रेक धरून राहिला तरी गाडी जड होते. थोडं चालवून चारी चाकांजवळ हात न लावता नुसता धरा. एक चाक जास्त तापलेलं लागलं तर ते खोलून घ्या.

1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांचं थोडं वेगळं आहे. त्यांत धूर दिसेलच असं नाही. समोर पिवळा दिवा लागला की कॉम्प्युटर स्वतःच ताकद कमी करतो. बऱ्याच गाड्यांत काजळी अडवणारी जाळी असते, ती गावातल्या छोट्या फेऱ्यांनी तुंबते. ती कापून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

घाटात थांबावंच लागलं तर बॉनेट उघडण्याआधी हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दगड लावा. इंजिन तापलं असेल तर रेडिएटरचं झाकण गार होईपर्यंत उघडू नका, वाफेनं तोंड भाजतं. मिस्त्रीकडं जाताना कागदावर लिहून न्या: कितव्या गिअरला दबली, धुराचा रंग कोणता, माल किती होता, फिल्टर शेवटचा कधी बदलला.